जन्मदाखला आणि तक्रार, यांच्या मधे कुणीतरी हवं

माझी मुलगी साधारण साडेपाच आठवड्यांची असतानाची गोष्ट. रात्रीचे पावणेतीन. संध्याकाळी सातला सुरू झालेलं रडणं मधे अर्धा तास थांबून परत सुरू झालेलं, दूध पाजून झालेलं, लंगोट बदलून झालेला, पोट दुखत असेल म्हणून पालथं मांडीवर घेऊन झालेलं, बायको तीन रात्री जागी होती म्हणून तिला मीच दुसऱ्या खोलीत झोपायला पाठवलेलं. मुलीला दोन्ही काखांत धरून मी समोर उचललं होतं आणि एकदम लक्षात आलं की माझी बोटं घट्ट झालीयेत. नको तितकी घट्ट. आणि मी "बास कर आता" असं तिच्या तोंडावर ओरडलो होतो, जोरात. तिला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाथरूमच्या फरशीवर जाऊन बसलो, पाच मिनिटं असेन की दहा, सांगता येणार नाही. ती आत रडत होती, मी बाहेर. त्या रात्री मला खात्रीच पटली की आपली बाप व्हायची लायकी नाही.

पुढे दोन वर्षांनी मला कळलं की त्या रात्री मी जे शेवटी केलं तेच करायला सांगतात. बाळ सुरक्षित जागी, पाठीवर झोपवून ठेवायचं, खोलीबाहेर जायचं, श्वास जाग्यावर येऊ द्यायचा, थोड्या वेळाने परत जाऊन बघायचं. आणि हेही कळलं की धडधाकट बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, बहुतेक संध्याकाळी-रात्री असतं, काही केलं तरी थांबत नाही असंही होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होतं. म्हणजे आम्ही बरोब्बर त्या चढाच्या टोकावर उभे होतो आणि आम्हाला वाटत होतं की हे असंच कायम राहणार, किंवा तिला काहीतरी मोठं झालंय, किंवा आमच्यात काहीतरी कमी आहे.

हॉस्पिटलमधून निघताना आमच्या हातात एक फाइल होती. त्यात डिस्चार्जचा कागद, लसीकरणाच्या तारखा, जन्मनोंदणीचा फॉर्म. बाळाला पुसायचं कसं, नाळेची काळजी कशी घ्यायची हे एका नर्सने घाईघाईत सांगितलं होतं. पण रडण्याबद्दल दोन वाक्यं, फक्त दोन, कुणी सांगितली नाहीत. मी कुणाला दोष देत नाहीये, त्या नर्सला बहुधा त्या दिवशी वीस जणांना घरी पाठवायचं होतं, आणि हे सांगणं तिच्या कामाच्या यादीतच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ते यादीत असायला हवं. त्यासाठी माणूस हवा, त्या माणसाचं ट्रेनिंग हवं, पगार हवा, आणि हे सगळं सरकारने करायला हवं.

सरकार आणि पालक यांची गाठ सध्या दोनदाच पडते असं मला वाटतं. एकदा मूल जन्माला आल्यावर, नोंदणीपुरती. आणि दुसऱ्यांदा काहीतरी बिघडल्यावर, म्हणजे मूल जखमी होऊन दवाखान्यात येतं, शाळेतून तक्रार येते, पोलिस येतात, किंवा कोर्टात ताबा कुणाचा हे ठरवायची वेळ येते. या दोन गाठींच्या मधली जी काही वर्षं आहेत, जिथे सगळं घडत असतं, तिथे पालक एकटे. लसीच्या तारखा सोडल्या तर तिथे कुणी फिरकत नाही. आणि मग बिघडल्यावर जो खर्च होतो, दवाखान्याचा, कोर्टाचा, बालगृहाचा, तो करायला मात्र कुणी "हे सरकारचं काम आहे का" असं विचारत नाही.

आता यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आज्यांना कुणी शिकवलं होतं? त्यांनी आठ-आठ मुलं वाढवलीच ना?

वाढवली. पण त्यांना शिकवलं नव्हतं हे खरं नाही. भरल्या घरात कुठल्या ना कुठल्या खोलीत कायम एक तान्हं मूल असायचं, दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटा भाऊ असायचा, शेजारच्या बाईचं बाळंतपण डोळ्यांसमोर व्हायचं. ते शिक्षणच होतं, फक्त त्याला कोर्स म्हणत नव्हते. आज जगात कुठेही बघा, लाखो माणसं अशी आहेत की ज्यांनी आयुष्यात जवळून बघितलेलं, हातात घेतलेलं पहिलं तान्हं बाळ हे त्यांचं स्वतःचं असतं. मी त्यातलाच. आणि आणखी एक गोष्ट, जी आपण आज्यांबद्दलच्या प्रेमापोटी बोलत नाही, ती म्हणजे घरातून जे आलं त्यात मारही आला. "आम्ही मार खाल्ला म्हणून सुधारलो" हे वाक्य मी माझ्या ओळखीतल्या इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय की त्याचं दुःख होतं. युनिसेफने २०२४ मध्ये दिलेला अंदाज आहे, जगभरात पाच वर्षांखालच्या जवळपास ४० कोटी मुलांना घरात शिस्तीच्या नावाखाली नेहमी मारहाण किंवा अपमान, धाकदपटशा सहन करावा लागतो. दर दहा मुलांत सहा. एवढी सगळी माणसं दुष्ट कशी असतील? त्यांना दुसरं काही येत नाही, कारण दुसरं काही त्यांनी बघितलेलंच नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. सरकार घरात घुसेल. आज सांगेल रडणाऱ्या बाळाला कसं घ्यायचं, उद्या सांगेल मुलांना काय शिकवायचं, कुठली भाषा बोलायची, कुठल्या देवाला हात जोडायचे. ही भीती खोटी नाही. जगात अनेक सरकारांनी "आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं" म्हणत मुलं आईबापांपासून तोडली आहेत. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं पिढ्यानपिढ्या अशीच उचलून नेली गेली, आणि दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत त्याची जाहीर माफी मागितली. ज्या समाजाने हे भोगलंय त्याच्या दारात सरकारी माणूस फाइल घेऊन उभा राहिला तर तो दार उघडणार नाही, आणि का उघडावं?

म्हणूनच "गाडी चालवायला लायसन्स लागतं मग मूल वाढवायला का नको" ही जी तुलना लोक फार करतात ती मला अजिबात पटत नाही. लायसन्स म्हणजे परवानगी. परवानगी म्हटलं की ती नाकारणारा आला, आणि नाकारली कुणाला जाणार हे आपल्याला चांगलं माहिती आहे, गरिबाला, एकट्या आईला, अपंग पालकाला. मला परवाना नकोय, मदत हवीय. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि सरकारी योजना आखणारे लोक नेमका इथेच घोटाळा करतात.

ब्रिटनने दोन्ही करून बघितलं. तिथे १९९८ च्या कायद्याने कोर्टाला असा अधिकार दिला की मुलाने गुन्हा केला तर, किंवा शाळा बुडवली तर, आईबापांना पालकत्वाच्या वर्गाला जायचा हुकूम काढता येतो, आणि नाही पाळला तर दंड. आता विचार करा, ज्या आईला कोर्टाने त्या खोलीत बसवलंय ती काय मनाने तिथे बसेल, आणि तिच्या शेजारच्या इमारतीतल्या बाईला, जिला खरंच मदत हवीय पण जिच्यावर काही खटला नाही, तिला त्या वर्गाचं नाव ऐकून काय वाटेल? की हे वाया गेलेल्या आईबापांसाठी असतं. मग २०१२ मध्ये तिथल्याच सरकारने उलट टोक गाठलं. तीन भागांत, कॅम्डेन, मिडल्सबरो आणि हाय पीक इथे, पाच वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या पालकांना १०० पाउंडांची कुपनं दिली, हवा तो पालकत्वाचा कोर्स निवडा आणि जा. कल्पना चांगली होती, सगळ्यांसाठी होती, शिक्का नव्हता, जे गेले ते बहुतेक समाधानी होते. पण अपेक्षेच्या मानाने फारच थोडे गेले. कारण सोपं आहे, ज्याच्या घरी दोन वर्षांचं मूल आहे त्याला कुपन हातात आल्यावर कोर्स शोधून, वेळ काढून, मूल कुणाकडे तरी ठेवून, नव्या जागी अनोळखी लोकांत जाऊन बसायचंय. जे मुळातच सावरलेले आहेत ते जातील. बाथरूमच्या फरशीवर बसलेला माणूस कुपन घेऊन कुठे जाणार नाहीये.

मग चालतं काय? इथे मला जरा सविस्तर लिहायचंय कारण या विषयावर भावना भरपूर असतात आणि तपशील कमी.

जमैकात, किंग्स्टनमध्ये, १९८६-८७ साली एक प्रयोग झाला. ९ ते २४ महिन्यांची, कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ मुलं, गरीब वस्त्यांतली. काहींना दोन वर्षं पूरक आहार दिला, काहींच्या घरी दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची, काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. ती आरोग्यसेविका कोण? डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञ नव्हे, त्याच समाजातली, थोडं शिकलेली, ट्रेनिंग दिलेली बाई. ती जाऊन करायची काय, तर जमिनीवर बसायची. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची केलेली खेळणी काढायची आणि आईला दाखवायची की हे मुलासमोर ठेव, नाव घे, थांब, ते काय करतं बघ, त्याने काही केलं की त्याला शाबासकी दे. मग स्वतः बाजूला सरकायची आणि आईला करू द्यायची. खेळणं आठवडाभर तिथेच ठेवायची आणि पुढच्या खेपेला बदलायची. बास. वीस वर्षांनी त्या मुलांना, म्हणजे आता तरुण झालेल्या माणसांना, शोधून काढलं तेव्हा ज्यांच्या घरी ती बाई जात होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसता आहार मिळालेल्यांत कमाईचा तसा फरक दिसला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या आकड्यापेक्षा ती "बाजूला सरकायची" ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. कारण आपण शिकवणं म्हटलं की भाषण डोळ्यांसमोर आणतो, खुर्च्या, माइक, वर उभी राहून बोलणारी तज्ज्ञ व्यक्ती. तिथे शिकणाऱ्याच्या हातात काम होतं.

आणि हे एका प्रयोगापुरतं नाहीये. २००८ मध्ये ७७ अभ्यास एकत्र करून असं तपासलं गेलं की पालकांच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं काय असलं की फरक पडतो. त्यातून जे वर आलं त्यात एक गोष्ट अशी की पालकांना वर्गातच, स्वतःच्या मुलाबरोबर, शिकवलेलं करून बघायला लावलं की परिणाम मोठा दिसतो. पोहणं पुस्तकातून येत नाही तसंच हे.

मी स्वतः नंतर, मुलगी चार वर्षांची असताना, अशा एका सहा बैठकांच्या गटात गेलो होतो. त्यातली एक संध्याकाळ सांगतो. शिकवणाऱ्या बाईंनी दोन-दोन बापांच्या जोड्या लावल्या, एकाने मूल व्हायचं आणि एकाने बाप, प्रसंग असा की सकाळी निघायला उशीर होतोय आणि मूल बूट घालत नाहीये. मी मूल झालो होतो. समोरचा गृहस्थ, चांगला उंचापुरा, माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "किती वेळा सांगितलं, बूट घाल, चल, ऐकू येत नाही का, रोजचं आहे तुझं, घाल लवकर." मी खाली बसलेलो, मान वर करून त्याच्याकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, चाळीस वर्षांचा माणूस असून माझ्या छातीत धडधडलं. त्या पाच-सहा वाक्यांत करायचं काय हे मला कळलंच नाही, फक्त एवढं कळलं की हा माझ्यावर चिडलाय. मग बाईंनी त्याला सांगितलं की खाली बस, नजर त्याच्या पातळीवर आण, एकच गोष्ट सांग, आणि मग मनात पाच आकडे मोज, तोपर्यंत बोलू नकोस. तो बसला. म्हणाला, "डावा बूट घाल." आणि थांबला. ते पाच आकडे मोजण्याइतका वेळ केवढा मोठा असतो ते तिथे कळलं. माझा हात आपोआप बुटाकडे गेला.

ही गोष्ट मी व्हिडिओत शंभर वेळा बघितली असेन. व्हिडिओ बघून मला काही आलं नव्हतं. खाली बसून वर बघितल्यावर आलं. म्हणून मला जेव्हा कुणी सांगतं की आता सगळं मोबाईलवर फुकट आहे, सरकारने कशाला पैसे घालवायचे, तेव्हा मी म्हणतो की माहिती फुकट आहे, सराव फुकट नाही. शिवाय मोबाईलवर जे मिळतं त्यात अर्धं घाबरवणारं असतं आणि उरलेलं काहीतरी विकणारं. नवा बाप किंवा नवी आई रात्री तीनला शोधत असते तेव्हा तिच्याइतकं सहज फसणारं गिऱ्हाईक दुसरं नाही.

पुरावा सगळीकडे एकसारखा अनुकूल आहे असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल, आणि बाजू घेणाऱ्यानेच हे सांगायला हवं. रडण्याचंच घ्या. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवल्यामुळे मेंदूला होणाऱ्या इजा, त्यातून येणारं अंधत्व, मृत्यू, हे टाळण्यासाठी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००९ पासून प्रत्येक नव्या पालकाला बाळाच्या रडण्याबद्दल सांगायला सुरुवात झाली. आधी हॉस्पिटलमध्ये नर्सने, मग घरी आलेल्या नर्सने परत, आणि तिसरं म्हणजे सगळ्या समाजात जाहीर प्रचार. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये अशा इजांमुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी खाली आलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात त्याआधी हॉस्पिटलमधल्या शिकवण्यानेच प्रमाण निम्म्याच्या जवळपास आलं होतं. पण तोच प्रयोग पेनसिल्व्हेनियात राज्यभर केला तेव्हा दाखल होणाऱ्यांच्या आकड्यात घट दिसली नाही. नॉर्थ कॅरोलायनातही नाही, तिथे रडण्याबद्दल नर्सला येणारे फोन कमी झाले पण इजा कमी झाल्या नाहीत.

काही जण यावर म्हणतील की झालं मग, पैसे वाया. मला ते तसं दिसत नाही. राज्यभर पसरवताना मूळ गोष्ट पातळ होते, नर्सचं दहा मिनिटांचं बोलणं सही घ्यायच्या फॉर्ममध्ये बदलतं, हे आपण प्रत्येक योजनेत बघतो आणि इथेही तसं झालं असेल असा माझा अंदाज आहे. दुसरं असं की रडण्याबद्दल माहिती असलेला माणूसही नोकरी गेलेली असेल, भाडं थकलं असेल, तीन रात्री झोप नसेल तर कधी ना कधी तुटणारच. माहितीने माझी बोटं सैल झाली असती का? माझी झाली असती असं मला वाटतं, कारण माझ्या डोक्यावर बाकी ओझं नव्हतं. सगळ्यांचं तसं नसतं.

घरी जाणाऱ्या नर्सच्या बाबतीतही हेच आहे. अमेरिकेत एल्मायरा नावाच्या गावात १९७८ च्या सुमारास ४०० गरोदर बायकांवर जो प्रयोग सुरू झाला, त्यात गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स घरी जायची, आणि पंधरा वर्षांनी बघितलं तर त्या घरांत मुलांच्या छळाची, हयगयीची सिद्ध झालेली प्रकरणं ४८ टक्क्यांनी कमी होती. पुढे तीच योजना इंग्लंडने उचलली, तरुण आयांसाठी, आणि २०१५ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला तेव्हा सुरुवातीला ठरवलेल्या मुख्य उद्दिष्टांत काही फायदा दिसला नाही. याचं एक कारण असं दिलं जातं की तिथे प्रत्येक बाळाच्या घरी सरकारी आरोग्यसेवेची माणसं आधीपासूनच जात होती, सुईण जात होती, म्हणजे तुलना "काहीतरी" आणि "आणखी काहीतरी" यांच्यात होती. मला हे वाचून उलट धीर आला. याचा अर्थ असा की झगमगीत नवीन योजनेपेक्षा साधी, सगळ्यांसाठी असलेली, कायमची व्यवस्था जास्त काम करत असते आणि तिचं काम आपल्या लक्षातही येत नाही.

फिनलंडचं उदाहरण म्हणूनच मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे १९२० च्या दशकात हेलसिंकीत आर्वो उल्प्यो नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्याबरोबरच्या नर्सेस यांनी बाळांसाठी सल्ला केंद्रं सुरू केली, फिनिश भाषेत त्यांना नेउवोला म्हणतात, अर्थ साधाच, सल्ला मिळायची जागा. १९४४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला ती चालवणं बंधनकारक झालं. बंधन सरकारवर, पालकांवर नाही, हे लक्षात घ्या. आणि लोक तिथे जातात का, तर जवळजवळ सगळे जातात. कारण एक म्हणजे गरोदरपणात जी नर्स भेटते तिच्याशी पुढे वर्षानुवर्षं ओळख राहते. आणि दुसरं, तिथे बाळाच्या कपड्यांनी भरलेली एक सरकारी पेटी मिळते, १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना, अट एवढीच की गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत एकदा तपासणीला जाऊन या. दंड नाही, धाक नाही. पेटी घ्या आणि येताना नर्सला भेटा. श्रीमंताच्या बाळालाही तीच पेटी, म्हणून कुणाला ती घ्यायची लाज वाटत नाही.

सगळ्यांसाठी असणं ही गोष्ट मला म्हणूनच इतकी महत्त्वाची वाटते. अर्थखात्यातले लोक नेहमी म्हणतात की ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, पैसा वाचेल. वरवर बरोबर आहे. पण गरज कुणाला आहे हे ठरवणार कसं? माझ्याकडे बघून कुणी मला "धोक्यातलं कुटुंब" म्हटलं नसतं. नोकरी होती, घर होतं, दोघंही शिकलेले. आणि ज्यांना त्या यादीत टाकाल त्यांच्या दारावर तुम्ही पहिल्याच दिवशी एक पाटी लावलीत की या घरावर आमचं लक्ष आहे. प्रत्येक घरी जा, सगळ्यांच्या घरी दोन-तीनदा, आणि तिथे गेल्यावर ज्यांना जास्त हवंय असं दिसेल, ज्यांनी स्वतः मागितलंय, त्यांच्याकडे वीस वेळा जा. लस अशीच दिली जाते ना, तुमचं मूल आजारी पडेल का हे आधी विचारून नाही.

स्वीडनची गोष्ट थोडक्यात. १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर पूर्ण बंदी आणणारा तो जगातला पहिला देश. पण त्या कायद्यात स्वतंत्र शिक्षाच नव्हती. त्याऐवजी सरकारने लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरी एक पुस्तिका पाठवली, परदेशातून आलेल्यांच्या भाषांतही, आणि दोन महिने दुधाच्या खोक्यांवर त्याबद्दल छापलं, म्हणजे सकाळी टेबलावर आईबाप आणि मुलं दोघंही ते वाचतील. नुसता कायदा करून सोडून दिला असता तर लोकांनी दारं लावून मारलं असतं. मारू नका हे सांगितल्यावर मग करायचं काय हे सांगणं सरकारने आपलं काम मानलं.

आणि तत्त्वाचा प्रश्न तर १९८९ मध्येच मिटलाय. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी मान्यतेची मोहर उमटवली आहे, अमेरिका हा ठळक अपवाद. त्याचं कलम १८ असं सांगतं की मूल वाढवण्याची पहिली जबाबदारी आईबापांची, दोघांची सारखी, आणि ती पार पाडायला सरकारांनी त्यांना योग्य ती मदत करावी. पहिलं वाक्य सगळ्या राजकारण्यांना पाठ असतं. दुसरं सोयीस्कर विसरलं जातं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही पालकांसाठीच्या कार्यक्रमांची शिफारस केली, ० ते १७ वयापर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी, आणि श्रीमंत देशांपुरती नाही तर कमी उत्पन्नाच्या देशांसाठीही.

बाप या सगळ्यात कुठे असतात हा प्रश्न मला फार छळतो, उघड कारणासाठी. बहुतेक कार्यक्रम म्हणायला पालकांसाठी असतात आणि प्रत्यक्षात दुपारी अकरा-बाराला असतात, कागदांवर आई लिहिलेलं असतं, चित्रात आई असते, फोन आईला जातो. मग अहवालात लिहितात की वडिलांचा प्रतिसाद कमी. आमच्या गटात सहा बाप होते कारण तो मुद्दाम संध्याकाळी सातनंतर ठेवला होता, आणि पहिल्या दिवशी सगळे हाताची घडी घालून बसले होते, तिसऱ्या बैठकीला एकाने सांगितलं की मुलाला थप्पड मारल्यावर तो स्वतः गाडीत जाऊन रडला होता. कुणी काही बोललं नाही. शेजारच्याने पाण्याची बाटली पुढे केली. हे बोलायला त्याला जगात दुसरी जागा नव्हती.

एका गोष्टीची मात्र मला भीती आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पालकांना शिकवणं स्वस्त असतं. प्रसूतीची रजा, बापाची रजा, पाळणाघरं, राहायला बरी जागा, हे महाग असतं. त्यामुळे सरकारांना मोह होतो की महागाचं सोडून स्वस्तातलं करू आणि वर म्हणू की मुलांचं काही बिघडलं तर आईबापांना नीट वाढवता येत नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला "मुलासोबत रोज वीस मिनिटं खेळा" असं सांगणारं पत्रक देणं हा मला तिचा अपमान वाटतो. ती वीस मिनिटं आणायची कुठून? म्हणून जो कुणी मंत्री पालकत्वाच्या शिक्षणाची योजना जाहीर करेल त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की त्याच बजेटमध्ये रजेसाठी किती ठेवलेत. दोन्ही लागतं. वेळ नसेल तर शिकलेलं वापरता येत नाही, आणि वेळ मिळाला तरी कसं वागायचं हे आपोआप येत नाही, मला तरी आलं नव्हतं.

तर मागणी तशी साधी आहे. जो कर्मचारी वजन करायला, लसीच्या तारखा सांगायला आत्ताही पालकांना भेटतो त्याच्याच कामात हे घाला, त्यासाठी त्याला जास्तीची घरं न देता कमी घरं द्या, जास्त पगार द्या, नीट ट्रेनिंग द्या, आणि तो जे बघेल-ऐकेल ते पोलिसांच्या किंवा इतर खात्यांच्या फाइलमध्ये जाणार नाही असं कायद्यात लिहा, मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून. पहिली भेट तिसऱ्या आठवड्यात ठेवा, रडणं वाढायला लागतं तेव्हा, आणि दोघंही घरी असतील अशा वेळी. वजनकाटा पिशवीतच राहू दे थोडा वेळ. आधी विचारा, रात्री कोण उठतं, आणि त्याला झोप किती मिळते.